माहिती देणाऱ्याचे पूर्ण नाव

२० नोव्हेंबर १९७२, सोमवार

ही वही दयाच्या सांगण्यावरून सुरू करतो आहे. ती म्हणाली, "अहो, कॉलेजची कटकट रोज माझ्या ताटात ओतण्यापेक्षा कागदावर ओता. मला भाकरी तरी सुखानं खाऊ द्या." ती इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. तिची नोकरी पक्की आहे, म्हणून तिला भाकरी सुखाने खाण्याची सवय. माझी नेमणूक मार्चअखेरपर्यंतची.

आज दुसरं सत्र सुरू झालं. निबंध आणि संशोधनलेखन हा विषय आमच्या कॉलेजने यंदाच घेतला आणि तो कुणालाच नको होता, म्हणून मला मिळाला. प्राचार्य राधाकृष्ण जोशी म्हणाले की हिवाळे, मार्चपर्यंत एक तरी निबंध पुण्याला विद्यापीठाकडे पाठवण्याजोगा दाखवा, मग तुम्हाला कायम करण्याचं संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर घालतो. मी कालचा रविवार चर्चही चुकवून नियम तयार करण्यात घालवला. स्टेन्सिल स्वतः कापली. हजेरी पाऊण भरलीच पाहिजे. मुदतीनंतर निबंध घेतला जाणार नाही. गाइडातलं एक वाक्य सापडलं तरी शून्य. लिहाल ते स्वतः पाहिलेलं असावं किंवा कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असावं, आणि ज्याच्याकडून ऐकलं त्या माहिती देणाऱ्याचं पूर्ण नाव, वय आणि गाव शेवटी द्यावं. नावांची शहानिशा मी स्वतः करणार. माणूस सापडला नाही तर निबंध बनावट, आणि बनावट निबंध देणाऱ्याचं सत्र मंजूर होणार नाही, म्हणजे वर्ष गेलं.

प्राचार्य सही करताना म्हणाले की जरा कडकच आहे, पण खूश दिसले. मीही खूश आहे. या गोदामात (आमचं कॉलेज म्हणजे सोसायटीचं जुनं गोदाम, अजून भिंतींना खताचा वास येतो) कुणीतरी शिस्तीचं काही केलं म्हणायचं.

२३ नोव्हेंबर

पहिला निबंध घेतला. 'माझे गाव'. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या गावातून एकच नदी खळखळ वाहत होती, तिच्या काठी एकच आमराई होती आणि तिच्यात एकच कोकीळ गात होता. निबंध गोळा करताना खिडकीतून दिसत होतं, टँकरपुढे घागरींची रांग लागली होती आणि बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. दोन पावसाळे कोरडे गेलेत. सगळ्यांना शून्य देऊन मोकळा झालो.

एक सोडून. शेवटच्या बाकावरच्या मुलाने तीनच ओळी लिहिल्या होत्या. "आमच्या वाडीत नदी नाही. ओढा आहे. त्यात सध्या शेळ्या बसतात." गहिनीनाथ सहादेव भोस. काष्टीच्या पलीकडच्या वाडीचा. त्याला पास केलं. शाबासकी द्यायला बाकाजवळ गेलो तर पठ्ठ्या बसल्याबसल्या झोपला होता.

५ डिसेंबर

विषय ठरवून घेतले. सगळ्यांना थोर पुरुष हवे आहेत, कारण थोर पुरुष गाइडात सापडतात. गहिनीनाथ म्हणाला, "दुष्काळी कामावरच्या बाया काय बोलत्यात, त्यावर लिहू का सर?" मी म्हटलं की संशोधन म्हणजे बायकांच्या गप्पा नव्हेत. तो उभाच राहिला. मग मला वाटलं, असू दे. निदान नदी तरी वाहणार नाही.

पण त्याची हजेरी फार वाईट आहे. आठवड्यातून दोन दिवस दिसतो. हाताला चिंधी बांधलेली, अक्षर असं की कोंबडीने पाय शाईत बुडवून नाचावं. विचारलं तर विहिरीच्या कठड्याला हात घासला म्हणाला. घरी बावीस एकर जमीन, दोन विहिरी, असं त्याच्याच वाडीचा बन्सी सांगत होता. अशा घरच्या मुलांना कॉलेज म्हणजे हौस, आले तर आले. मी त्याला वर्गासमोर बजावलं की पाऊण हजेरी भरली नाही तर बावीस एकरही उपयोगी पडणार नाहीत. मुलं हसली. तो खाली बघत होता.

१४ डिसेंबर

गहिनीनाथने कच्चा मसुदा दिला. उभ्या उभ्या वाचायला लागलो आणि वाचून होईपर्यंत बसायचं सुचलं नाही. दोन वाक्यं इथे उतरून घेतो.

"नव्याने कामावर आलेली बाई पहिल्या दिवशी पाटीपेक्षा पदरच जास्त सावरते. तिसऱ्या दिवशी ती बोलू लागते, आणि पहिल्यांदा बोलते ती गोठ्यातल्या बैलांबद्दल, पोरांबद्दल नाही, कारण पोरांबद्दल बोललं तर रडू येतं."

मी सहा वर्षं मराठी शिकवतो आहे आणि असं एक वाक्य माझ्या हातून झालेलं नाही. पुढे म्हणतो की या बाया कामावर एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत, नुसतं 'अगं ए' म्हणतात. दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाताना त्या मागच्या दिवाळीला काय काय केलं होतं ते सांगतात आणि जिच्या घरी काहीच झालं नव्हतं ती सगळ्यांत जास्त पदार्थ सांगते. हे या पोराला कसं कळलं कोण जाणे. जन्मात पाटी उचलली नसेल.

शेवटी नावं मात्र नाहीत. बोलावून विचारलं. "नावं न्हाई दिली तर चालंल का सर?" म्हणाला. मी म्हटलं, सोन्यासारखा निबंध आहे, नावाशिवाय तो कथा होईल, संशोधन होणार नाही. पुण्याला पाठवायचा आहे. मान डोलावून गेला.

२५ डिसेंबर, नाताळ

नगरला आईकडे. केक नाही, साखरच नाही. रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, पिठाची गूळ घालून धिरडी झाली, तांबडीलाल.

जेवताना दयाला गहिनीनाथची हकिगत सांगितली आणि नियमाचं समर्थनही केलं. नावावर माझा एवढा जीव का, ते तिला ठाऊक आहे. मागल्या शतकातल्या दुष्काळात माझी पणजी मिशनच्या दारात आली. मिशनच्या छापील अहवालात तिचं नाव आहे, वय बारा, गाव, जात, आणि पुढे किती शेर धान्य दिलं ते. विद्यार्थी असताना ते पान मला सापडलं तेव्हा मी ग्रंथालयात बसून रडलो होतो. लोक आम्हाला पोटासाठी बाटले म्हणतात. म्हणू देत. पण आमचं नाव कागदावर आहे, आमचं असणं कुणी खोडू शकत नाही.

दया म्हणाली, "छापू का म्हणून त्या पोरीला कुणी विचारलं होतं का?"

हा काय प्रश्न झाला? शंभर वर्षांपूर्वीच्या पोरीला कोण विचारणार? आईने विषय बदलला.

११ जानेवारी १९७३

डोकं फिरलं आहे. सोमवारी निबंध जमा झाले. गहिनीनाथने तीन नावं दिली होती, बनुबाई, साळूबाई, गोजरबाई, तिन्ही आडनावं वेगवेगळी, गाव मात्र त्याचीच वाडी. शहानिशा म्हणून आज बन्सीला विचारलं. तो म्हणाला की सर, आमच्या वाडीत झाडून सगळे भोस, या आडनावांची बाईच नाही.

म्हणजे बनवलं. एवढं सुंदर लिहिणारा पोरगा आणि शेवटी नावं मनाने ठोकून दिली. मला मसुद्यातच कळायला हवं होतं. कामावर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही असं स्वतःच लिहितो, मग याला नावं कुठून मिळाली? प्राचार्यांना आधीच सांगून बसलो आहे की निबंध मिळाला. आता काय तोंड दाखवू? नियम मीच केला. त्याला सोडलं तर नियम गेला, धरलं तर निबंध गेला, आणि निबंध गेला तर मी गेलो.

१२ जानेवारी

गहिनीनाथला वर्ग सुटल्यावर थांबवलं. स्पष्ट सांगितलं, सत्र मंजूर होणार नाही. त्याने माझ्यापुढचा निबंध ओढून घेतला आणि नावांच्या पानावर बोट ठेवलं. "वर्षाचं न्हाई वो सर," म्हणाला, "परत आबा मला पाठवनारच न्हाईत. बाया खऱ्या हायेत."

मग सगळं बाहेर आलं. ती तिन्ही आडनावं बायांच्या माहेरची. जमीनजुमला असलेल्या घरच्या बाया कामावर मस्टरला माहेरचं नाव सांगतात, कारण सासरचं नाव दुष्काळी कामाच्या कागदावर चढलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. वाडीतून निघताना माहेरी चालले म्हणून निघायचं आणि ओढा ओलांडला की पदर ओढून कामावर. पहिली बनुबाई ही त्याची आई. वडील, म्हणजे आबा, बैल घेऊन चाऱ्यासाठी अकोले तालुक्यातल्या डोंगरात गेले आहेत. तो स्वतःही खडी फोडतो. हाताचं कोडं सुटलं. मी त्याला वर्गात काय बोललो होतो ते आठवलं आणि वाईट वाटलं.

पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. प्रत्यक्ष आई! याहून अस्सल माहिती कुठली मिळणार? आणि माहेरच्या नावाची ही चाल कुणी नोंदवलेली नाही, ती तळटीपेत घालायला सांगितली. श्रम करण्यात लाज कसली, असंही त्याला चांगलं समजावलं. पोट भरण्यासाठी घाम गाळणारी बाई चोरून राहते हा समाजाचा दोष आहे.

त्याने निबंधाची पानं गोळा केली. मग विचारलं, "ह्ये वाचनार कोन, सर?" मी म्हटलं, मी आणि फार तर पुण्याचे परीक्षक. त्याने आईला विचारून सांगतो म्हटलं.

१५ जानेवारी

आज नावं दिली. बनुबाई सहादेव भोस, साळूबाई, गोजरबाई, सगळ्या भोस, वयं, शेतीचा आकडा, तळटीप. अक्षरही नीट काढलं आहे. दुसऱ्यांदा वाचला. प्राचार्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला, म्हणाले की हिवाळे, हे काहीतरी आहे.

२६ जानेवारी

काय दिवस गेला! झेंडावंदनाला अध्यक्ष काकासाहेब भोस आले होते, बरोबर आसपासच्या गावची बडी मंडळी. प्राचार्यांनी आयत्या वेळी सांगितलं की आपलं काम दिसू दे, तो निबंध वाचून दाखवा. गहिनीनाथ आलेला नव्हता. मी स्वतःच वाचला. मनापासून वाचला, कुठे थांबायचं ते मला कळतं. शेवटी, पद्धत कळावी म्हणून, माहिती देणाऱ्यांची नावंही वाचली आणि सांगितलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात इतकी काटेकोर शहानिशा होत नसेल.

सभा इतकी स्तब्ध झालेली मी कधी पाहिली नाही. एक टाळी नाही. माणसं हलली की असंच होतं. वाडीकडचे चार-पाच पागोटेवाले शेवटी शेवटी उठून गेले, त्यांना बस गाठायची असेल. काकासाहेबांनी चहा घेतला नाही, जोड्यांकडे बघत बसले होते. ते त्याच वाडीचे, तेव्हा आपल्या गावच्या पोराचा अभिमान वाटला असणारच.

दया मागे शिक्षकांत बसली होती. घरी येताना मी म्हटलं, कसा झाला? ती म्हणाली, "नावं कशाला वाचलीत?" तिचं हे नेहमीचंच.

२८ जानेवारी, रविवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

सकाळी वाडीला गेलो. गहिनीनाथला बक्षीस म्हणून एक पेन घेतलं होतं, त्याच्या आईचं अभिनंदन करायचं होतं. अभिनंदन! वाडीत शिरलो तर एकेक माणूस ओट्यावरून उठून आत गेला. भर दिवसा दारं लावलेली. गहिनीनाथच्या घराचं दार उघडं होतं. चूल थंड, राखेवर मांजर झोपलेलं. बनुबाई बाहेर आल्या, आधी पाण्याचा तांब्या दिला. तांब्या पाऊणच भरलेला होता आणि मागाहून कळलं की घरात तेवढंच होतं. मी ते पिऊन बसलो होतो.

मी अभिनंदनाचं काहीतरी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मास्तर, गावाला ठावं न्हवतं व्हय? समद्यांच्याच घरच्या बाया जात हुत्या. पन कुनी कुनाच्या तोंडावर म्हनत न्हवतं. म्या म्हनायची माहेरी चालले, साळूबाई म्हनायची माहेरी चालले. चाललं हुतं."

आता भावकीने ठरवलं आहे की भोसांची बाई कामावर दिसता कामा नये. उपाशी मरा, पण अब्रू घालवू नका. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याही घरी चुली बंद आहेत, कारण त्यांच्याही बाया जात होत्या. साळूबाईला तिच्या नवऱ्याने मारलं. दोन दिवस वाडीतून एकही बाई ओढा ओलांडून गेलेली नाही. घरात होतं तेवढं मिलो काल संपलं.

मी म्हटलं, मला माफ करा, मला कळलं नाही. बनुबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "गहिनी इचारायला आला तवा म्याच म्हनलं, लिही माझं नाव. तुझं वरीस वाचतंय न्हवं? मास्तर काय चावडीवर वाचनार हायेत?"

पेन खिशातच राहिलं. परत येताना बस मिळाली नाही, चालत आलो. मी चावडीवरच वाचलं. आवाज चढवून वाचलं. टाळ्या का आल्या नाहीत म्हणून चुकचुकलोसुद्धा.

३० जानेवारी

गहिनीनाथ कॉलेजात आला. मला वाटलं, हा आता मला दोन शब्द सुनावणार, आणि मला ते हवेच होते. त्याने तसं काही केलं नाही. म्हणाला, "सर, तुमच्याच नियमात हाय की. मानूस सापडला न्हाई तर निबंध बनावट. तुमी शहानिशा केली आन मानसं सापडली न्हाईत, असं फळ्यावर लावा."

मी म्हटलं, अरे, पण मी तुझ्या आईला भेटून आलो.

"न्हाई भेटला तुमी," तो म्हणाला. "आईला बी मी तसंच सांगितलंय."

एकदा कागदावर आलं की पोरानं हे सगळं मनानं रचलं, की भावकीला तेच हवं आहे. मग बाया पुन्हा माहेरी जायला मोकळ्या. मी विचारलं, आणि तुझं वर्ष? तो म्हणाला, "तीन दिवस झालं सर, घरात चूल न्हाई."

३१ जानेवारी

करवत नाही. दुसरा उपाय शोधतो आहे आणि सापडत नाही. दयाने शाळेतल्या सुकडीतली थोडी बन्सीबरोबर वाडीला पाठवली, ती तशीच परत आली. दान घेणार नाहीत. वाडीत जाऊन हात जोडले तर आणखी बोभाटा होईल. मामलेदारांना सांगितलं तर पुन्हा नावं सांगावी लागतील.

निबंध खरा आहे. माझ्या हाताखालून गेलेला एकमेव खरा निबंध. त्याला मी माझ्या सहीने खोटा म्हणायचं, आणि लिहिणाऱ्याला लबाड ठरवून घालवायचं. बाकीच्या मुलांनी थोर पुरुषांवर गाइडातून शब्द फिरवून लिहिलंय आणि त्यांच्या माहिती देणाऱ्यांत मारुतीच्या देवळातले पुजारी आहेत, सगळे सापडतात, सगळे पास होणार. देवा, हे काय करून बसलो मी? प्रार्थनेला बसलो तर तीही जमली नाही.

दयाला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या सहीला काय होतंय? त्यांच्या पोटाला होतंय." मग स्वतःच रडायला लागली.

१ फेब्रुवारी

सूचना लावली. "गहिनीनाथ सहादेव भोस याच्या निबंधातील माहिती देणाऱ्या स्त्रियांची शहानिशा केली असता अशा कोणीही स्त्रिया अस्तित्वात नसल्याचे आढळून आले. सदर नावे व मजकूर काल्पनिक आहे. नियमानुसार निबंध बनावट ठरवून त्याचे सत्र नामंजूर करण्यात येत आहे." खाली माझी सही, प्राचार्यांची सही. प्राचार्यांनी एक शब्द विचारला नाही. मला वाटलं होतं, भर सभेत बनावट निबंध वाचल्याबद्दल मला घरी पाठवतील. उलट सूचनेची एक प्रत वाडीच्या चावडीवर लावा, असं त्यांनीच सुचवलं.

गहिनीनाथ सूचना वाचायला आला होता. मुलं त्याच्याकडे बघून कुजबुजत होती, बन्सी तर उघड हसला. मग तो माझ्याकडे आला आणि निबंध एकदा बघायला मागितला. उभ्यानेच पूर्ण वाचला. एके ठिकाणी थांबला, माझं पेन मागून घेतलं, एक वाक्य खोडून वर दुसरं लिहिलं, म्हणाला की त्या दिवशी गडबडीत चुकलं होतं. निबंध परत माझ्या हातात दिला आणि गेला.

६ फेब्रुवारी

बन्सीकडून सहज विचारल्यासारखं काढून घेतलं. वाडीत आता शांत आहे. भावकीने गहिनीनाथला चावडीवर उभं करून शिव्या घातल्या, आईचं नाव घ्यायला लाज वाटली नाही का म्हणून. त्याने मान खाली घालून चुकलो म्हटलं. बन्सीला त्याचं फार हसू येत होतं. मग त्याने सहज सांगितलं की त्याची स्वतःची आई आठवडाभर माहेरी गेली आहे.

मी त्याला वर्गाबाहेर जा म्हणालो. का, ते त्याला कळलं नाही.

२० फेब्रुवारी

कायम झालो. प्राचार्यांनी चेंबरमध्ये बोलावून पत्र हातात दिलं. अध्यक्षांनी बैठकीत माझं नाव घेऊन सांगितलं म्हणे की असा कडक आणि नेकीचा माणूस संस्थेला हवा, बनावट काम करणाऱ्या विद्यार्थ्याची गय करत नाही. त्या भोसाच्या मुलाबद्दल कुणी बोललं का, असं मी विचारलं. प्राचार्य म्हणाले, "कोण मुलगा?" आणि फाइलीत बघू लागले. मला क्षणभर वाटलं की त्यांना सगळं पहिल्यापासून कळलं आहे.

दयाला पत्र दाखवलं. तिने ते वाचून घडी घालून ट्रंकेत ठेवलं. तीन वर्षं याच पत्राची वाट बघत होतो.

४ मार्च, रविवार

काकासाहेबांना ग्रंथालयाच्या देणगीसाठी काष्टीला एकाला भेटायचं होतं, मला बरोबर घेतलं. जीप तापली म्हणून ड्रायव्हरने वाटेत थांबवली. नेमकी खडीच्या कामापाशी. उन्हात दोन्ही बाजूंना माणसं बसून दगड फोडत होती. जीप बघून बायांनी पदर ओढून घेतले.

ड्रायव्हर पाणी मागायला गेला आणि एक बाई कळशी घेऊन जीपपाशी आली. तोंड पदराआड. तरी मी तिला ओळखलं. त्या हाताने दिलेला तांब्या मी प्यालो आहे. तिने इंजिनात पाणी ओतेपर्यंत काकासाहेब तिच्याकडे बघत होते. बनुबाई त्यांच्या चुलतभावाची बायको, म्हणजे त्यांची वहिनीच. त्यांनी विचारलं, "कुठल्या गावच्या, बाई?"

पदराआडून तिने माहेरच्या गावाचं नाव सांगितलं.

"लांबनं आलाय," काकासाहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सर, त्या पोरानं लिवली हुती त्यातली हाय का हितं कुनी?"

मी म्हटलं, "नाही. तशा बाया मला कुठे सापडल्याच नाहीत."

काकासाहेबांनी मान हलवली आणि पुढे बघायला लागले. त्यांचे डोळे भरले होते का, की उन्हाने चुरचुरत होते, मला सांगता येत नाही. बनुबाई कळशी घेऊन परत गेल्या. त्या जिथे जाऊन बसल्या त्यांच्या शेजारी गहिनीनाथ होता. त्याने मला पाहिलं होतं. डोक्याला फडकं बांधलेलं, हातातला हातोडा वर गेलेला तसाच थांबला, मग त्याने तो खाली आणला आणि पुढचा दगड ओढून घेतला.

जीप सुरू व्हायला वेळ लागला. मला इतकं उतरावंसं वाटत होतं की दाराची कडी हातात धरून ठेवली होती. उतरून त्याच्यापाशी जावं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, एवढंच. पण उतरलो असतो तर सगळ्यांनी बघितलं असतं की मी त्याला ओळखतो, त्याच्या आईला ओळखतो. मी बसून राहिलो.